रेल्वेचे थरारपट बघायचेत? आधी फलाट तिकीट काढा

आमच्या गल्लीतला अकरावीतला एक पोरगा घरी आला आणि म्हणाला, "काका, रेल्वेवरचे थरारक पिक्चर बघायचेत. यादी द्या ना." यादी काय, मोबाईलवर दोन मिनिटांत मिळते. तिच्यातले पहिले दोन अर्धवट सोडून माणूस परत क्रिकेटकडं वळतो, एवढंच. मी म्हटलं, "आधी संध्याकाळी माझ्याबरोबर स्टेशनवर चल." त्यानं तोंड वाकडं केलं, पण आला. तिथून पुढं महिनाभर जे चाललं ते इथं क्रमानं लिहितो.

एक आधीच सांगून टाकतो. माझे वडील सोलापूर विभागात गार्ड होते. या हुद्द्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात ते नाव काही रुळलं नाही. पडद्यावर गाडी आली की मी हिरोच्या आधी ब्रेकच्या पाइपकडं बघतो. हा दोष धरूनच पुढचं वाचा.

पायरी पहिली: फलाटावर अर्धा तास

सोलापुरात रेल्वे आली १८६० साली. बोरघाटातून मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं त्याच्याही तीन वर्षं आधी. एवढ्या जुन्या स्टेशनात राहून आपण ते बघतो फक्त गाडी पकडताना, घाईत. तर फलाट तिकीट काढा, गर्दी विरळ होते त्या टोकाला जाऊन बसा. रुळांच्या जवळ जायचं नाही, मोबाईल खिशात.

गाडी आत येताना सांध्यांवर, म्हणजे रूळ बदलायच्या सरकत्या जोडांवर, कशी एका रुळावरून दुसऱ्यावर सरकते ते बघा. मोटारीतला हिरो स्टिअरिंग फिरवून वाचतो. रेल्वेच्या ड्रायव्हरकडं स्टिअरिंगच नाही. गाडी कुठं जाणार ते सांधा ठरवतो, आणि सांधा हलवणारा माणूस गाडीत नसतो. जिवावर बेतलंय तो इंजिनात, सुटकेचं बटण दुसऱ्याच कुणाच्या हाताखाली. मला विचाराल तर या सगळ्या पिक्चरांचं मूळ एवढ्यात आहे. त्यात भर म्हणजे शंभराच्या वर वेगात असलेली गाडी पूर्ण ब्रेक लावूनही थांबायला साधारण किलोमीटरभर घेते. ड्रायव्हरला समोरचं संकट दिसतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

भिगवण ते मोहोळ हा पट्टा बरीच वर्षं एकेरी होता. पुण्याहून येताना केमला नाहीतर जेऊरला गाडी बाजूच्या रुळावर घेऊन उभी करायचे. डब्यात कुणीतरी म्हणायचं, "क्रॉसिंग हाय." पंखे, गप्पा, शेंगदाण्याच्या टरफलांचा आवाज, आणि मग अचानक समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जायची. लहानपणी मला वाटायचं, आपण बाजूला झालोच नसतो तर? वडिलांना विचारलं तर म्हणाले, "तसं होऊ नये म्हणून एवढी माणसं जागी असतात." रेल्वेचा थरारपट म्हणजे त्या जाग्या माणसांपैकी एकाला डुलकी लागणं, नाहीतर एकानं जाणूनबुजून डोळे मिटणं.

थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हे थोड्या वेगळ्या उदाहरणानं सांगायचा. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच ठाऊक नसेल तर स्फोटाचा धक्का काही सेकंदांचा. पण प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारतायत, तर तीच पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. आपल्या भाषेत: दोन गाड्या एका रुळावर आहेत हे तुम्हाला कळलंय, ड्रायव्हर मात्र चहा पितोय.

पायरी दुसरी: ब्रेक समजून घ्या

हे टाळू नका. इथं दहा मिनिटं घातलीत तर पुढं निम्म्या पिक्चरांची खोट तुम्हीच पकडाल.

गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पाइप जातो. त्यात दाबलेली हवा असते. नव्या माणसाला वाटतं, ही हवा ब्रेक लावते. उलट आहे. हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात, दाब गेला की ब्रेक लागतात. म्हणून कपलिंग, म्हणजे डब्याला डबा जोडणारा आकडा, तुटून डबे वेगळे झाले की पाइपही तुटतो आणि दोन्ही भाग आपोआप थांबायला लागतात. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये पाइपात पोकळी असायची, हवा आत शिरली की ब्रेक. तत्त्व एकच: बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे. साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही याच पाइपमुळं.

आता सांगा, पिक्चरमधला खलनायक चाकूनं पाइप कापतो आणि गाडी सुसाट सुटते, हे कसं? खरं तर तो बिचारा प्रवाशांवर उपकार करतोय. सुटलेल्या गाडीचा पिक्चर बघताना पहिल्या वीस मिनिटांत एकच प्रश्न विचारा: ब्रेक का लागत नाहीत? चांगला दिग्दर्शक त्याचं उत्तर देतो.

'रनअवे ट्रेन' (१९८५) हे देतो. अलास्कातल्या बर्फात चार इंजिनं जोडून चाललीयत, ड्रायव्हरला हृदयविकाराचा झटका येतो. ब्रेक लागतातही, पण इंजिनं जोर लावतच राहतात आणि ब्रेकचे ठोकळे घासून जळून जातात. मूळ पटकथा जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाची, पिक्चर केला रशियातून आलेल्या आंद्रेई कोंचालोव्स्कीनं. तुरुंगातून पळालेले दोन कैदी त्या गाडीत असतात. बाकी सांगत नाही.

'अनस्टॉपेबल' (२०१०) तर खऱ्या घटनेवरून घेतलेला. १५ मे २००१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यात ४७ डब्यांची मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली. यार्डात, म्हणजे डबे लावायच्या-जोडायच्या जागेत, गाडी सरकवताना डब्यांचे हवेचे ब्रेक जोडलेले नव्हते. सांधा बदलायला ड्रायव्हर खाली उतरला. ब्रेकची व्यवस्था लावली असं त्याला वाटलं, प्रत्यक्षात इंजिन पूर्ण ताकदीवर राहिलं. ती गाडी शंभर किलोमीटरहून जास्त अंतर एकटीच धावली. शेवटी दुसऱ्या इंजिनानं मागून गाठून, जोडून तिला हळू केलं आणि एक कर्मचारी शेजारी पळत जाऊन वर चढला. कुणी दगावलं नाही. पिक्चरमध्ये घटना पेनसिल्व्हेनियात नेली, शाळकरी मुलांची गाडी समोर आणली, शहरातलं धोक्याचं वळण घातलं. पण मूळ चूक, खाली उतरलेला माणूस, ती तशीच ठेवली, म्हणून पिक्चर पटतो.

हे कळल्यावर पोरानं स्वतःहून एक खोट काढली. एका पिक्चरात डब्याच्या छतावर मारामारी चालली होती. हा ओरडला, "काका, वर तार हाय की ओ!" बरोबर आहे. आपल्याकडच्या त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी माणूस जळतो. 'शोले'तली मालगाडीवरची मारामारी चालून जाते कारण तिथं वाफेचं इंजिन आहे आणि वर मोकळं आभाळ. विजेच्या मार्गावर छतावर चढणारा हिरो दिसला की बिनधास्त हसा.

पायरी तिसरी: छोट्यापासून सुरू करा

सुरुवात साधारण पन्नास सेकंदांनी करा. सिनेमाची सुरुवात करणाऱ्यांतल्या ल्युमिए बंधूंनी ला सिओता या फ्रेंच स्टेशनात गाडी येतानाचं चित्रण केलं, ते इंटरनेटवर सहज मिळतं. कॅमेरा फलाटावर तिरका ठेवलाय, गाडी लांबून येत येत मोठी होते, माणसं उतरतात, संपलं. पहिले प्रेक्षक घाबरून पळाले ही गोष्ट रंगवून सांगतात, तिच्यावर फार विश्वास ठेवू नका. पण कॅमेरा कुठं ठेवलाय ते नीट बघा. फलाटाच्या टोकाला आपण बसलो होतो ना, साधारण तसाच कोन.

मग 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' (१९०३), बारा मिनिटांचा. मग बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६). हा विनोदी आहे, तरी चुकवू नका. त्यात जळत्या लाकडी पुलावरून खरं इंजिन खरंच नदीत कोसळतं. दुसरा टेक नाही. ते धूड नदीत तसंच वर्षानुवर्षं पडून होतं, दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून काढलं.

यानंतर बोलपट. हिचकॉकचा 'द लेडी व्हॅनिशेस' (१९३८) घ्या. गाडीत एक म्हातारी बाई भेटते, नायिकेला डुलकी लागते, उठते तर बाई गायब, आणि डब्यातले सगळे म्हणतात, अशी बाई नव्हतीच. आपल्याकडं असं होणं अवघड, कारण दौंड येईपर्यंत समोरच्या बाईला तुमचं गाव, जात, पगार आणि पोरीचं लग्न कुठं ठरलंय हे सगळं ठाऊक झालेलं असतं. पण लोक आपापल्या छोट्या स्वार्थापायी खोटं कसं बोलतात, ते या पिक्चरात फार मजेशीर आहे. खिडकीच्या काचेवर लिहिलेल्या नावावर लक्ष ठेवा.

पुढचा 'द नॅरो मार्जिन' (१९५२). जेमतेम ७१ मिनिटं. एका पोलिसाला साक्षीदार बाईला शिकागोहून लॉस एंजेलिसला न्यायचंय, मारेकरी त्याच गाडीत. पिक्चरला पार्श्वसंगीत नाही. चाकांचा खडखडाट, शिट्टी, दार सरकल्याचा आवाज, यांच्यावरच सगळा ताण. हा एक तरी इअरफोन लावून, रात्री, एकट्यानं बघा. डब्यातला बोळ इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं. ती अडचण दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशरनं पुन्हा पुन्हा वापरलीय.

पायरी चौथी: कंट्रोल रूमचे पिक्चर

इथून खरी मेजवानी. गाडीत काय चाललंय ते अर्धं, आणि लांब बसून ती वाचवू पाहणारी माणसं अर्धी.

'द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री' (१९७४) न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर आहे. चार माणसं एक डबा ताब्यात घेतात, दहा लाख डॉलर मागतात, तासाभराची मुदत, नंतर मिनिटाला एक माणूस मारणार. रेल्वे पोलीस झालेला नट वॉल्टर मॅथाऊ कंट्रोल रूममधून त्यांच्याशी रेडिओवर बोलत राहतो. भुयारातून पळून जाणार कसे हा प्रश्न पिक्चरभर सगळ्यांना छळतो. त्यासाठी एक गोष्ट ठाऊक हवी: अशा गाडीत ड्रायव्हरनं हातातला दांडा सोडला की गाडी थांबते, म्हणजे तो बेशुद्ध पडला तरी धोका नाही. आपल्या इंजिनातही ड्रायव्हर जागा आहे हे ठरावीक वेळानं नोंदवावं लागतं, नाही नोंदवलं तर ब्रेक लागतात. आणि हो, त्या चौघांतल्या एकाला सर्दी झालीय, ती विसरू नका. २००९ चा नवा अवतारही आहे, 'अनस्टॉपेबल'वाल्याच दिग्दर्शकाचा. तो नंतर बघा, नाही बघितला तरी चालेल.

आता माझा सगळ्यात लाडका. १९७५ चा जपानी पिक्चर, इंग्रजी नाव 'द बुलेट ट्रेन'. टोकियोहून हाकाताला निघालेल्या गाडीत बॉम्ब आहे. वेग ताशी ८० किलोमीटरच्या खाली आला की तो फुटणार. आत दीड हजार प्रवासी. वीस वर्षांनी बसवरचा एक हॉलिवूडपट याच कल्पनेवर गाजला, पण गाडीवर ही कल्पना कितीतरी पटींनी घट्ट बसते, कारण बस गल्लीत वळवता येते. इथं पुढची गाडी बंद पडली तर हिला शेजारच्या उलट दिशेच्या रुळावर घ्यायचं, आणि त्या रुळावरूनही समोरून गाडी येतेय. सांधा, वेळ, अंतर, सगळं सेकंदांवर. केमचं क्रॉसिंग आठवा आणि वेग तिप्पट करा.

पण मी हा पिक्चर तीनदा बघितला तो बॉम्ब ठेवणाऱ्यासाठी. केन ताकाकुरानं केलेला हा माणूस राक्षस नाही, कर्जात बुडून बंद पडलेल्या छोट्या कारखान्याचा मालक आहे. देश सुसाट पुढं निघालाय, हा मागं राहिलाय. गिरण्यांचे भोंगे बंद झालेल्या आणि यंत्रमागांना कुलपं लागताना बघितलेल्या आपल्या गावात हा माणूस समजावून सांगावा लागत नाही. त्याचं करणं माफ होत नाही, पण त्याचा चेहरा ओळखीचा वाटतो. मूळ जपानी आवृत्ती अडीच तासांची आहे. परदेशात कापून छोटी केलेल्या आवृत्त्या फिरतात, त्यात नेमका हाच भाग गेलाय. लांब आवृत्तीच शोधा.

तेव्हाच्या जपानी रेल्वेनं चित्रीकरणाला मदत नाकारली होती, त्यामुळं मॉडेल आणि सेटवर काम भागवलं. काही ठिकाणी ते कळतं. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर याचा पुढचा भाग 'बुलेट ट्रेन एक्स्प्लोजन' आला, त्याला मात्र रेल्वे कंपनीनं साथ दिली आणि वेगाची अट १०० वर गेली. दोन्ही लागोपाठच्या दोन रात्री बघा. नवा जास्त सफाईदार आहे. जुना जास्त दुखतो.

पायरी पाचवी: घरचे पिक्चर

'द बर्निंग ट्रेन' (१९८०) आपल्याकडं सगळ्यांनी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी बघितलाय. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमा मालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग, शिवाय डॅनी. दिल्ली-मुंबई धावणाऱ्या नव्या गाडीचा पहिलाच प्रवास, घातपात, ब्रेक निकामी, आग. रवी चोप्रानं हॉलिवूडच्या संकटपटांचा साचा उचलला आणि त्यात कव्वाली बसवली. नवख्यांसाठी माझा सल्ला: गाडी सुटेपर्यंतचा भाग जेवता जेवता बघा. एकदा ती सुटली की ताट बाजूला ठेवा. कडक भाकरी चावायच्या आवाजात संवाद हरवतात.

राजेश खन्नाचा 'द ट्रेन' (१९७०) गाण्यांसाठी ठीक. 'परवाना' (१९७१) मात्र आवर्जून बघा. अमिताभ बच्चन तेव्हा स्टार झाला नव्हता, इथं तो खुनी आहे, आणि मी तेव्हा रेल्वेत होतो असा पुरावा उभा करण्यासाठी त्यानं केलेला वेळापत्रकाचा हिशोब हाच पिक्चरचा कणा. वहीत स्टेशनं आणि वेळा लिहीत बघा, आम्ही तसंच केलं.

२०२४ मध्ये चित्रपटगृहांत आलेला 'किल' रांचीहून दिल्लीला निघालेल्या राजधानीत घडतो. डब्यातली जागा, पडदे, बर्थ, शौचालयाकडचा कोपरा, यांचा वापर पक्का आहे. पण रक्तपात इतका की मी त्या पोराला तो दिलेला नाही. मोठ्यांनी आपापल्या जबाबदारीवर.

पायरी सहावी: गाडी नव्हे, स्टेशन

नवखी माणसं गाडीचे पिक्चर शोधतात आणि स्टेशनचे विसरतात. स्टेशनातली भीती वेगळी. गाडीत माणसं मोजकी आणि कोंडलेली, स्टेशनात असंख्य आणि वाहती. 'युनियन स्टेशन' (१९५०) मध्ये पळवलेल्या मुलीची खंडणी स्टेशनात द्यायचीय आणि पोलीस साध्या कपड्यांत गर्दीत उभे आहेत. बाकावर पेपर वाचणारा माणूस पोलीस की खंडणीखोर? 'कहानी'त (२०१२) कोलकात्याच्या मेट्रोच्या फलाटावरचा एक क्षण आहे, तो बघितल्यापासून मी पिवळ्या पट्टीच्या चार पावलं मागं उभा राहतो.

'द रेल्वे मेन' (२०२३) ही चार भागांची मालिका. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा स्टेशनातली माणसं काय करत होती, ते यात आहे. के के मेनननं केलेला स्टेशन मास्तर हा भोपाळचे त्या वेळचे उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांच्यावरून घेतलाय. त्यांनी त्या रात्री प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधी सोडली आणि लोक वाचले. मालिकेतला दरोडेखोर वगैरे मालमसाला कल्पित आहे. ही एकदम चारही भाग बघू नका, आणि विनोद करत तर मुळीच नाही. आमच्याकडं पहिला भाग संपल्यावर कुणी बोललं नाही.

शेवटी जॉन फ्रँकनहायमरचा 'द ट्रेन' (१९६४). वर राजेश खन्नाचा सांगितला तो वेगळा. १९४४, पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटायची वेळ आलेली, जर्मन कर्नल फ्रान्सची अस्सल चित्रं गाडीत भरून पळवतोय. फ्रेंच रेल्वे कामगार ती गाडी अडवतात, पण चित्रांना धक्का लागता कामा नये. खऱ्या घटनेत तशी गाडी पॅरिसच्या आसपासच कागदपत्रांच्या घोळात अडकवून ठेवली होती. कागद अडकवण्यात कुठलाच देश मागं नाही. पिक्चरमध्ये खरी इंजिनं एकमेकांवर आदळवलीयत, आणि फ्रेंच रेल्वेला तसंही मोडायचं होतं असं एक यार्ड सुरुंग लावून उडवलंय. मॉडेल नाही, संगणक तर नव्हताच.

त्यातली एक युक्ती फक्त स्टेशनच्या पाट्यांवर उभी आहे. गाडी जर्मनीकडं चाललीय असं आतल्या सैनिकांना वाटावं म्हणून वाटेतल्या स्टेशनांची नावं रातोरात बदलतात. समजा मोहोळच्या फलाटावर कुणी दुधनीची पाटी लावली, पुढं पाकणीला गाणगापूर रोडची. खिडकीतून पाटी वाचणारा माणूस काय करणार? पाटीवरच विश्वास ठेवणार. आपण तरी दुसरं काय करतो?

पोरगा हा पिक्चर बघता बघता झोपला. कृष्णधवल, सव्वादोन तासांच्या जवळ जाणारा, परीक्षेचे दिवस, मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पाट्या बदलायला सुरुवात होते तिथून लावून दिला. मधे त्याच्या आईचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा त्यानं तो माझ्याकडं दिला.